टोपलीचे चार भाग

आमचे भाऊ कोणताही खेळ मधून सुरू करत नसत. 'गेम' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. मोबाइलवरचा असो की कॉम्प्युटरवरचा, तो खेळच. एकदा त्यांच्या पुतण्याने मोठ्या हौसेने गाड्यांच्या शर्यतीच्या एका गाजलेल्या मालिकेचा सहावा भाग आणून दिला. भाऊंनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "पहिला कुठी हाये?" पहिला मिळवण्यातच पावसाळा गेला. मग दुसरा, मग तिसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास ते नेमाने एकेक भाग खेळत. मधल्या काळात पुतण्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, ती बालवाडीत जायला लागली. आणि एक दिवस भाऊंनी त्याला फोन केला, "सहावा पाह्यला. चांगला हाये. पण चौथ्यात त्यायनं आळस केला." काका कशाबद्दल बोलतात हे पुतण्याला आधी कळेचना.

मी भाऊंकडे चित्रं काढायला होते. चंद्रपुरात परकोटाच्या भिंतीला लागून त्यांचं घर, आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. आम्ही तिघंच. भाऊ, मी आणि सुमेध. सुमेध घुग्घुसचा, प्रोग्रामिंग त्याच्याकडे. रोज मोटारसायकलवर कोळशाची धूळ अंगावर घेऊन यायचा, आधी नळाखाली तोंड धुवायचा आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायचा. हा नियमही भाऊंचाच.

भाऊ त्याआधी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. भिंतभर मीटरचे काटे, आणि ते जागचे हलू नयेत म्हणून समोर बसलेला माणूस. या नोकरीबद्दल त्यांना विलक्षण अभिमान होता. "लाइट गेली तं लोकं शिव्या देते," ते म्हणायचे, "रोज राह्यते तं कोणी नाव नाई घेत. कोणी नाव नाई घेतलं म्हंजे आपलं काम चांगलं झालं." नोकरी त्यांनी मुदतीआधीच सोडली आणि खेळ करायला बसले. घरच्यांनी डोक्याला हात लावला. त्या वयात लोक शेतात विहीर खणतात, नाहीतर मुलीच्या सासरी जाऊन राहतात.

पोह्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत. आमच्या कोपऱ्यावर एक तर्री-पोह्याची गाडी लागायची. सगळं गाव सकाळी सातला, गरम पोह्यांसाठी, गर्दी करायचं. भाऊ अकराला जात. गाडीवाला भांडी आवरत असायचा, पातेल्याच्या तळाशी दोन-तीन प्लेटी उरलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं, "भाऊ, हे काऊन?" तर म्हणाले, "पहिला घाणा कोनीबी चांगला काढते वं. आखरीची प्लेट कशी हाये, ते पाहा लागते." गाडीवाला हे ऐकत असायचा. त्याची शेवटची प्लेट चंद्रपुरात सगळ्यात चांगली होती याची मी साक्ष देते, कारण पुढे मीही अकरालाच जायला लागले.

खेळांच्या मालिकांना ते हाच न्याय लावत. एखाद्या मालिकेचं कोणी कौतुक केलं की भाऊ विचारत, सगळ्यात कच्चा भाग कोणता? सांगणारा अडखळायचा. धानाचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दाणे पाहत नाही, तळापर्यंत हात घालतो; भाऊंचं तसं होतं. "पहिला खेळ नशिबानं चांगला होते. दुसरा हौसेनं होते. तिसऱ्यापासून माणूस दिसते," हे तर आम्ही इतक्यांदा ऐकलं की सुमेध त्यांच्या मागे उभा राहून ओठ हलवायचा.

जगात काही मोजक्या मालिका अशा होत्या की ज्यांच्यात भाऊंच्या मते एकही भाग पडेल नव्हता. त्यांच्याबद्दल ते घरातल्या थोरांबद्दल बोलावं तसं बोलत. जपानातल्या कुठल्यातरी चमूने वर्षानुवर्षं एकच मालिका काढली आणि हात कधी सैल सोडला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. असा खेळ सुरू करण्याआधी ते पायातल्या चपला काढून बाजूला ठेवत. मला आधी वाटलं, गंमत करतात. गंमत नव्हती. आमच्या स्वतःच्या खेळापुढे मात्र त्यांनी कधी चप्पल काढली नाही. सुमेधने छेडलं तेव्हा म्हणाले, "आपल्याच घरी काय पाया पडा लागते?"

मला त्यांनी कामावर घेतलं तेही याच खुळातून. मी आरमोरीकडची. आम्ही ढिवर, बापाचा सारा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि शाळांच्या भिंती रंगवत गावोगाव फिरायला लागले. चार गावांतल्या चार शाळांत मला एकच चित्र काढायला सांगितलं होतं. मोहाचं झाड आणि खाली पोरं. एक दिवस चौथ्या शाळेत मी शिडीवर असताना खाली डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला एक माणूस येऊन उभा राहिला. बराच वेळ झाडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी तिन्ही शाळा पाहून आलो. इथीबी तुयी पानं तेवढीच हाये. हात आखडला नाई तुया." मी म्हटलं, "पैसे सारखेच देतात ना जी, मग पानं कमी कशी काढू?" त्यांना हे उत्तर इतकं आवडलं की शिडीखाली उभ्या उभ्याच त्यांनी मला नोकरी दिली. कसली नोकरी, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

आमच्या खेळाचं नाव 'टोपली'. तीन बाया सकाळी रानात जातात, त्यातली एक तुम्ही. पहिल्या भागात मोहफुलं वेचायची, दुसऱ्यात तेंदूची पानं तोडायची, तिसऱ्यात पावसातल्या सात्या, म्हणजे वारुळापाशी उगवणारी अळंबी. टोपली भरायची आणि घरी यायचं, एवढाच खेळ. पण रानात तुम्ही एकट्या नसता. वानर खेकसतं. चितळ ओरडतं. कधी सगळंच एकदम गप्प होतं. तेव्हा तुम्ही ठरवायचं, आणखी थोडं वेचायचं की आहे तेवढं घेऊन निघायचं. हावरटपणा केला तर पडद्यावर रक्त दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. फक्त दुसरा दिवस उजाडतो आणि रानाच्या वाटेला दोनच बाया लागतात.

वाघ तिन्ही भागांत कुठेच दिसत नाही. हा भाऊंचा मूळ कायदा होता. "माह्या मायनं सारी जिंदगी मोह वेचला," ते एकदा म्हणाले. "वाघ कधी पाह्यला नाई. पण रोज त्याच्याच हिशोबानं चालली."

खेळ लोकांना आवडला. आधी आमच्याच भागात, ज्यांनी आयुष्यात कधी मोबाइलवर काही खेळलं नव्हतं अशा बायांनी तो एकमेकींना दिला. मग नागपूर, मग कुठून कुठून. लोक आपसांत भांडायचे. कोणी लिहायचं, दुसऱ्या भागाची सर कशालाच नाही. लगेच कोणी लिहायचं, पहिला खरा. भाऊ हे सगळं सुमेधकडून मोठ्याने वाचून घेत आणि खुश होत. "भांडून राह्यले ना? मंग कोनताच पडेल नाई," ते म्हणत. तिन्हींवर नाव आमचं होतं. मी एसटीत बसले की शेजारची बाई कोणता भाग खेळते आहे ते हळूच वाकून पाहायचे, आणि माझी मान आपोआप ताठ व्हायची. मी तिच्या ओळखीची नव्हते, पण ती ज्या मोहाखाली वाकली होती तो माझा होता.

चौथ्या भागाचं, हिवाळ्यातले आवळे वेचण्याचं, काम सुरू केलं त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी. भाऊंच्या बायकोने त्याला आधी ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवायला दिला, मग लिंबाचं सरबत. सभ्य माणूस होता. तिन्ही भाग त्याने खरोखर खेळले होते आणि कुठे काय आवडलं ते नेमकं सांगत होता. त्यांना 'टोपली' सगळ्या भाषांत न्यायची होती, देशभर. फक्त एक गोष्ट त्याला कळत नव्हती.

"तुम्ही ताडोबाच्या दारात बसला आहात," तो म्हणाला. "लोक वाघ बघायला जगभरातून येतात. आणि तुमच्या खेळात वाघ दिसत नाही. चौथ्या भागात तो दिसायला हवा."

मी आणि सुमेधने भाऊंकडे पाहिलं. आता हे सरबताचा ग्लास काढून घेतात, असं मला वाटलं. भाऊ म्हणाले, "करून पाहू."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तीन भागांत मी झाडं काढली, पानं काढली, वारुळं काढली, बायांच्या पाठी काढल्या. मला वाघ काढायचा होता. खरा वाघ मी कधी धड पाहिलेला नव्हता. लहानपणी आमच्या एसटीपुढून एक गेला होता, पण मी शेवटच्या सीटवर असल्याने मला फक्त लोकांची डोकी दिसली. मग मी म्हशींचे खांदे पाहिले, मांजरं पाहिली, जंगल खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून फोटो मागवले. सगळा पावसाळा मी त्या वाघावर घालवला. तो पिवळ्या गवतातून निघायचा, थांबायचा, मान खाली घालायचा आणि तुमच्याकडे पाहायचा. माझी आई तेव्हा माझ्याजवळ राहायला आली होती. मी तिला तो दाखवला तर तिने बाजेवरून खाली सोडलेले पाय वर ओढून घेतले. आजवर माझ्या चित्राला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद होती. सुमेध तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आणून दाखवायचा.

भाऊंनी तो शांतपणे पाहिला. "वाघ चांगला झाला," ते म्हणाले. "आता खेळ कसा झाला ते पाहू."

खेळ कसा झाला हे पाहायची भाऊंची एकच जागा होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बांगड्यांची, खेळण्यांची, भज्यांची दुकानं, लेकी-जावई, पाहुणे, आणि रात्री नाटक. भाऊ प्रत्येक नवा भाग बाहेर काढण्याआधी एखाद्या मंडईत न्यायचे. छोटासा मांडव टाकायचा, दोन बाक मांडायचे, प्रत्येकासमोर एक कॉम्प्युटर. एका बाकावर जुना भाग, दुसऱ्यावर नवा. ज्याला जो खेळायचा तो खेळू दे, कुणाला काही सांगायचं नाही. स्वतः खुर्ची अशी फिरवून बसायचे की पडदे दिसू नयेत, फक्त खेळणाऱ्यांची तोंडं दिसावीत. आणि नव्या बाकावरून उठलेला माणूस पुन्हा येतो का, एवढंच पाहायचे. जुन्याकडे माणसं परत येतात आणि नव्याकडे येत नाहीत, असं झालं तर भाग बाहेर पडत नसे. दुसऱ्या भागाचं एकदा तसं झालं होतं आणि आम्ही तो जवळजवळ नव्याने केला होता.

त्या वर्षी चिमूरजवळच्या एका गावच्या मंडईत गेलो. डाव्या बाकावर तिसरा भाग, उजव्यावर चौथा. तासाभरात उजव्या बाकाची रांग शेजारच्या बांगडीवाल्याच्या दुकानापर्यंत गेली. बांगडीवाला ओरडायला लागला की त्याची गिऱ्हाइकं अडतात. वाघ निघाला की मांडवातून आरोळी उठायची, लांबची पोरं धावत यायची, लोक त्याचे फोटो काढायचे. मी तिथे उभी होते आणि कानांवर विश्वास बसत नव्हता. सुमेधने बाजूला जाऊन पुण्याला फोन लावला. "सर, लाइन पहा लागत होती तुम्ही. मंडईतले सारे लोक आमच्याच इथी हाये," असं तो सांगत होता. मी भाऊंकडे पाहिलं. ते चहा पीत होते.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्या शेजारी येऊन बसले. तिथून पडदे दिसत नव्हते, म्हणून मीही तोंडं पाहायला लागले.

डाव्या बाकावर सकाळपासूनच्या चार-पाच बाया अजून तिथेच होत्या. एक खेळायची, बाकीच्या मागून वाकून बोलायच्या. "नोको जाऊ वं तिकडं, चूप झालं पाय सारं." "अजून दोनच सात्या हाये, घे ना." "मेली तू. म्या म्हनलं होतं." मग दुसरी बसायची. त्यांची माणसं बोलवायला येऊन परत गेली. एकीने तर हातातलं पोर नणंदेकडे दिलं आणि पुन्हा बसली.

उजव्या बाकावर दर वेळी नवं तोंड. वाघ पाहिला, हसला, उठला, गेला. एकही परत आला नाही.

मग चष्मा लावलेला एक कॉलेजचा मुलगा उजव्या बाकावर बसला. त्याचे मित्र मागे. मी उठून त्यांच्या मागे जाऊन पडदा पाहू लागले. वानर खेकसलं, चितळ ओरडलं, पण तो जागचा हलेना. टोपली त्याने खालीच ठेवली होती. आवळे वेचायलाही वाकत नव्हता. नुसता गवतात उभा. मित्र म्हणाले, "थांब थांब, आता येते." तो म्हणाला, "आन ना बे लवकर." आणि सगळे वाघाची वाट पाहत थांबले.

रांगेच्या बाजूने एक म्हातारी नातवाला घेऊन चालली होती. तिने क्षणभर थांबून पाहिलं. "वाघाले बलावून राह्यला काय रे तू?" तिने विचारलं. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं. मुलगा हसला. ती नातवाचा हात धरून पुढे गेली.

मी परत भाऊंच्या शेजारी येऊन बसले. तिन्ही भागांत माणसं घरी परतण्यासाठी खेळत होती. चौथ्यात ती परतायचं सोडून वाघासाठी थांबत होती. आणि याचं कारण मी होते, म्हणजे माझा वाघ होता, तो चांगला होता म्हणूनच हे होत होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना पाहायची गरजही नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत मी भांडले. "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. मग पूर्ण पावसाळा मला वाघ काढू कशाला दिला?"

"ठाऊक नव्हतं," भाऊ म्हणाले. "वाटत होतं. वाटन्यावरून दुसऱ्याचा वाघ काढून टाकता येते काय?"

"मग आता टाका काढून."

"मी नाई काढत. वाघ तुया हाये. ठेवला तं कंपनी येते, खेळ साऱ्या देशात जाते, तुया वाघ साऱ्या देशात जाते. तेबी काही वाईट नाई. तूच सांग."

सुमेध म्हणाला, "ठेव वं. एवढा भारी काढला. लोकायले आवडून राह्यला." तो खोटं बोलत नव्हता. त्याने त्या वाघाच्या चालीवर माझ्याइतकीच मेहनत घेतली होती, आणि आपलं काम आपल्या गावाबाहेर जावं असं त्याला का वाटू नये? मलाही वाटत होतं.

पुढचे काही दिवस मी ऑफिसात गेलेच नाही. घरी वाघ उघडून बसायचे. त्याचा एकेक पट्टा मी हाताने घातला होता. आमच्या गावात, आमच्याच आळीत, एक काकू होती. मोहाच्या दिवसांत माझ्या आईबरोबर जायची. एका सकाळी तिघी गेल्या आणि दोघी आल्या. दुसऱ्या दिवशी त्याच दोघी पुन्हा गेल्या, कारण मोह पडायचा थांबत नाही. आई कधी त्याबद्दल बोलत नाही. पण त्या दिवसांत मी तिला एकदा विचारलं, "बाई, तू तेव्हा वाघ पाह्यला होता काय?" आमच्याकडे आईला बाईच म्हणतात. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नाई. गवत हालताना दिसलं." आणि निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि वाघ काढून टाकला. सुमेध खुर्ची सरकवून उठला, बाहेर गेला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. भाऊ एवढंच म्हणाले, "बरं. आता गवत काढ."

आणि मग मी गवत काढलं. मी आयुष्यात काढलेली कोणतीही गोष्ट त्या गवताइतकी कठीण नव्हती. हिवाळ्यातलं पिवळं, डोक्याएवढं उंच, वाऱ्यावर एका बाजूला झुकणारं. आणि त्यात एक जागा अशी की जिथे पाती वाऱ्याच्या उलट झुकतात आणि हळूहळू सरळ होतात. बस, एवढंच. लक्ष नसलं तर दिसणारही नाही. त्या पात्यांना हलवायचं काम सुमेधचं. तो रुसून का होईना कामाला लागला, आणि एक दिवस ते पहिल्यांदा नीट हललं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काटा आला ना वं अंगावर," तो म्हणाला. आठवडाभराचा अबोला असा सुटला. वाघाची चाल आम्ही उगाच शिकलो नव्हतो. तीच चाल त्याने गवतात घातली होती.

कंपनीने सभ्यपणे कळवलं की वाघाशिवाय त्यांना जमणार नाही. वाईट वाटलं, तिघांनाही वाटलं. भाऊ त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत, एवढं मला आठवतं. मग आम्ही आपला नवा भाग उचलून मंडयांचा हंगाम संपायच्या आत दुसऱ्या एका गावी गेलो. पुन्हा दोन बाक. या वेळी रांग बांगडीवाल्यापर्यंत गेली नाही. पण दोन्ही बाकांवरची माणसं घरी जाईनात. डावीकडून उठून उजवीकडे, उजवीकडून उठून डावीकडे. संध्याकाळी मांडव सोडताना भाऊ स्वतः आधी एका बाकावर बसले, मग दुसऱ्यावर, आणि शेवटी मधल्या जागेत उभे राहिले.

"आता कोनता खेळू, समजून नाई राह्यलं," ते म्हणाले.

याहून मोठं कौतुक त्यांच्याजवळ नव्हतं. मी आणि सुमेध एकमेकांकडे पाहून वेड्यासारखे हसत होतो. मला त्या संध्याकाळी जेवढा अभिमान वाटला तेवढा डिप्लोमा मिळाला तेव्हा वाटला नव्हता. लपवण्यात काही अर्थ नाही.

पाचवा भाग भाऊंनी काढू दिला नाही. लोकांनी विचारलं, आम्ही विचारलं, पुण्याचा तो सभ्य माणूसही पुन्हा एकदा विचारून गेला, या वेळी वाघाची अट न घालता. भाऊ म्हणाले, "मोह झाला, तेंदू झाला, पाऊस झाला, थंडी झाली. साल संपलं. आता पाचवं काय, दिवाळीचा फराळ वेचायचा?" त्यांनी ऑफिसची चावी माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं, दुसरं काही करायचं तर करा, पण याला हात लावू नका. चार भागांतला एकही पडेल नाही, हे त्यांना असंच राहायला हवं होतं. आता ते घरी असतात. कुठलीशी बुद्धिबळाची मालिका धरली आहे, दुसऱ्या भागावर आहेत, आणि लोकांनी दहाव्याची स्तुती केली की कान झाकतात. मी आणि सुमेध तलावाच्या मासेमारीवरचा एक खेळ करत आहोत. माझ्या बापाच्या जाळ्यापासून तो सुरू होतो. त्याचा पहिलाच भाग आहे, म्हणून भाऊ अजून काही बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात चिमूरहून येताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको होते. तिच्या हातात फोन, त्यात चौथा भाग. तिची टोपली अर्धी भरली होती. नवरा आधी खिडकीबाहेर पाहत होता, मग वाकून पाहू लागला.

"यात वाघ नाई काय?" त्याने विचारलं.

"हाये ना. हा पाय, इथून गेला आत्ता." तिने गवतावर बोट ठेवलं.

त्याने फोन जवळ घेतला. गवताची पाती वाऱ्याच्या उलट झुकलेली होती आणि हळूहळू सरळ होत होती. त्याने बराच वेळ पाहिलं. मग फोन तिच्या हातात परत दिला आणि आवाज खाली आणून, कोणी ऐकेल अशा धास्तीने म्हणाला, "झाले ना तेवढे आवळे. चाल आता, घरी चाल."

तिने टोपली उचलली.